तिकिटावर मान, माळावर उपेक्षा

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णी हे गाव आज ऊस, केळी आणि अहोरात्र चालणाऱ्या वाहतुकीसाठी ओळखले जाते. माढा तालुक्यातील या गावापासून जवळच भीमा नदीवर उजनीचे धरण उभे आहे. १९८० साली हे धरण पूर्ण झाले आणि सुमारे ११७ टीएमसी पाणी सामावून घेणाऱ्या त्याच्या जलाशयाने अवर्षणाने पिचलेल्या या पट्ट्याचे रूप पालटून टाकले. जेथे पावसाळा सरल्यावर कुसळी गवताचे माळ पसरलेले असत, मेंढरांचे कळप फिरत आणि काळविटांच्या झुंडी दिसत, तेथे पाटाचे पाणी पोहोचले. या परिवर्तनाने शेतकऱ्याच्या घरात चार पैसे आले, याबद्दल कोणी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक परिवर्तनाची काही किंमत असते आणि ती बहुधा मुक्यांना मोजावी लागते. या माळरानावर पिढ्यान्‌पिढ्या धावलेला, लांब तोंडाचा आणि सडपातळ कमरेचा कारवानी कुत्रा हा अशा मुक्यांपैकीच एक होय.

कारवानी, कारवान, मुधोळ आणि अंगावर रेशमासारखी लव असेल तर पश्मी, अशा निरनिराळ्या नावांनी ओळखले जाणारे हे शिकारी कुत्रे म्हणजे दख्खनच्या पठाराचे वैभव. भीमेच्या खोऱ्यापासून कृष्णा-घटप्रभेच्या खोऱ्यापर्यंतचा कोरडा, उघडा प्रदेश ही त्याची कर्मभूमी. गेल्या दोन दशकांत या कुत्र्याला मानसन्मानाची वाण राहिलेली नाही. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने चार भारतीय श्वानवंशांवर तिकिटे काढली, त्यांत रामपूर हाउंड, राजापालयम आणि हिमालयी मेंढपाळ कुत्रा यांच्या पंक्तीला मुधोळ हाउंड बसला. २०१६ साली सैन्यदलाने मुधोळची पिल्ले मेरठच्या प्रशिक्षण केंद्रात नेली. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘मन की बात’मधून भारतीय वंशाचे कुत्रे पाळण्याचे आवाहन केले आणि त्यात मुधोळचा नामोल्लेख केला. पुढच्याच वर्षी हवाई दलाने आग्रा येथील तळावर धावपट्टीवरचे पक्षी हुसकावण्यासाठी हे कुत्रे घेतले. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशात ज्या पहिल्या तीन श्वानवंशांची अधिकृत नोंद केली, त्यांतही मुधोळ आहे. मग चिंता कसली?

चिंता ही की, सन्मान वाढत असताना ज्या परिस्थितीने हा वंश घडविला ती नाहीशी होत आहे आणि ज्या माणसांनी तो राखला ती माणसे या सन्मानसोहळ्यात कोठेच दिसत नाहीत. जनावराची जात गौरवाने टिकत नसते. ती कामाने टिकते, आणि ते काम ओळखून योग्य नर-मादी निवडणाऱ्या डोळस माणसामुळे टिकते. ही दोन्ही सूत्रे सुटली की, उरते ते केवळ नाव.

देहाची घडण

कारवानीचे शरीर पाहिले की, त्याचे काम वेगळे सांगावे लागत नाही. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापाशी उंची सुमारे ७० सेंटीमीटर, मादीची त्याहून थोडी कमी. वजन मात्र २० ते २८ किलोच्या आसपास. एवढ्या उंचीला इतके कमी वजन, म्हणजे अंगावर चरबीचा लवलेश नाही. डोके लांब आणि निमुळते, जबडा मजबूत, कान डोक्यालगत खाली लोंबणारे, मान लांब आणि पीळदार. छाती खोल, कारण मोठ्या हृदयाला व फुप्फुसांना जागा हवी. पोट आत ओढलेले, कमरेला किंचित कमान. ज्या नवख्या माणसाला या कुत्र्याच्या बरगड्या मोजता येतात, तो मालकाला उपाशी ठेवल्याचा दोष देतो. वस्तुतः कारवानीच्या अंगावर दोन-तीन बरगड्या दिसणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे.

कुत्र्यांच्या शिकारी वंशांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. एक वर्ग नाकाच्या बळावर माग काढतो; दुसरा डोळ्यांच्या बळावर सावज हेरतो आणि वेगाने गाठतो. कारवानी या दुसऱ्या वर्गातला. लांबट डोक्याच्या दोन बाजूंना डोळे असल्यामुळे त्याच्या दृष्टीचा आवाका फार मोठा असतो आणि दूरवरची हालचाल तो चटकन टिपतो. भरधाव पळताना त्याच्या प्रत्येक झेपेत चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात. एकदा अंगाखाली गोळा झालेले असताना, एकदा पुढे-मागे पूर्ण ताणलेले असताना. चित्त्याची धावही याच प्रकारची. विलायती ग्रेहाउंड छोट्या अंतरात कारवानीला मागे टाकील; पण ग्रेहाउंडची पैदास सपाट मैदानावरील अल्प अंतराच्या शर्यतीसाठी झाली, तर कारवानीची निवड दगड-धोंडे, बांध, बोराटीची झुडपे आणि चैत्राचे ऊन यांनी केली. वेग आणि दम यांचा जो मेळ त्याच्या ठायी आहे, तो या भूमीने घातलेला आहे.

स्वभावही तसाच. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. येणाऱ्याजाणाऱ्यापुढे शेपूट हलवीत लोळण घेणे त्याच्या रक्तात नाही. घरच्या माणसावर मात्र त्याची अबोल निष्ठा असते. मारझोड केली तर तो सुधारत नाही, बिथरतो. दिवसभर साखळीला जखडून ठेवले तर त्याचे शरीर आणि मन दोन्ही खचतात.

वंशाची कथा

या कुत्र्याच्या मूळाविषयी एक मत सर्वश्रुत आहे. मध्य आशिया आणि अरबस्तानातून व्यापारी काफिल्यांबरोबर, म्हणजे ‘कारवानां’बरोबर, सलुकी जातीचे कुत्रे दख्खनमध्ये आले आणि त्यांच्यापासून कारवानी निर्माण झाला, असे हे मत सांगते. शरीराची ठेवण पाहता सलुकीशी त्याचे नाते मानण्यास जागा आहे. परंतु त्यावरून, शिकारी कुत्रा भारताला बाहेरच्यांनी दिला, असा जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र टिकणारा नाही.

इंद्राची दूती होऊन पणींकडे गेलेली सरमा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. कुत्र्याला संस्कृतात ‘सारमेय’ हे नाव पडले ते तिच्यावरूनच. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात केकयराज अश्वपती भरताला निरोप देताना अंतःपुरात वाढवलेले, वाघासारखे बलवान कुत्रे भेट देतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुत्र्यांचे ताफे बाळगणाऱ्या शिकाऱ्यांवर अरण्यात गस्त घालण्याची जबाबदारी सोपविलेली आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की, बाबिलोनच्या इराणी सुभेदाराकडे भारतीय कुत्रे इतके होते की, त्यांच्या पोटापाण्यासाठी चार मोठी गावे तोडून दिली होती आणि त्या गावांना अन्य कर माफ होता. म्हणजे कुत्रे इकडून तिकडेही जात होते.

दख्खनपुरते बोलायचे तर पुरावा अधिकच जवळचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘सारमेयविनोद’ नावाचे प्रकरणच आहे. हे कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरच्या पूर्वेला बीदर जिल्ह्यात. त्याही आधी, इ. स. ९४९-५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे ‘काळी’ नावाच्या एका शिकारी कुत्र्यासाठी वीरगळ उभारला गेला. रानडुकराशी झुंजताना काळी आणि डुक्कर दोघेही मेले. त्या कुत्र्याच्या स्मृतीस जमीनही तोडून दिली गेली. माणसाच्या वीरगळांची संख्या अमाप असलेल्या या प्रदेशात एका कुत्र्याला हा मान मिळावा, यातच सारे आले.

तथापि, अभिमानाच्या भरात पुराव्यापलीकडे उडी घेण्याचेही कारण नाही. सरमा कारवानी होती किंवा सोमेश्वराचे कुत्रे आजच्या मुधोळसारखेच दिसत, असे कोणी म्हणू लागला तर ते भाबडेपण ठरेल. दख्खनमध्ये शिकारी कुत्र्यांची परंपरा जुनी आहे, काफिल्यांबरोबर आलेले रक्त त्यात मिसळले असावे आणि या मातीने त्या साऱ्याला आपले रूप दिले, एवढे म्हणणे पुरेसे आहे. शतकानुशतके ज्याने ज्वारीची भाकरी आणि ताक यांवर दिवस काढले, भीमेकाठच्या उन्हात जो तावून निघाला, तो कुत्रा येथलाच. बाहेरून आलेल्याला पचवून आपले करणे, हा या भूमीचा स्वभावच आहे.

राखले कोणी?

मुधोळ हे नाव या वंशाला मिळाले ते मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजघराण्यामुळे. आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असलेल्या या मराठा संस्थानचे अधिपती राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कुत्र्यांची पैदास हाती घेतली आणि एक जोडी ब्रिटिश सम्राट पाचवे जॉर्ज यांना भेट दिली. तेव्हापासून ‘मुधोळचे कुत्रे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. परंतु राजांच्या नजरेला हे कुत्रे पडले ते कोठे? परिसरातल्या बेरड समाजाच्या हाती. म्हणजे राजाश्रय लाभण्यापूर्वीही हा वंश शुद्ध आणि कसदार राखणारी माणसे होती, आणि ती राजवाड्यात राहत नव्हती.

सोलापूर जिल्ह्यातही चित्र वेगळे नाही. मेंढरांचा वाडा घेऊन रानोमाळ हिंडणारा धनगर, शिकारीवर गुजराण करणारे भटके समाज आणि कोरडवाहू जमिनीवर वस्ती करून राहणारा शेतकरी, यांनी हा कुत्रा जपला. त्यांच्याकडे वंशावळीची छापील पुस्तके नव्हती. पण कोणत्या वाडीतल्या नराची छाती खोल, कोणाच्या मादीची पिल्ले दमाची, हे त्यांना तोंडपाठ असे. लंगडे, भित्रे, आळशी पिल्लू पुढच्या विणीसाठी ठेवले जात नसे. खंडोबाच्या मूर्तीपाशी आणि टाकावर कुत्रा दिसतो, भैरवाचे वाहन कुत्रा, दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्रे. अशा श्रद्धेच्या प्रदेशात कुत्र्याला घासातला घास देणे हे वेगळे शिकवावे लागत नसे.

या माणसांच्या वाट्याला मात्र काय आले? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी पारध्यांसारख्या समाजांवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. सोलापुरात तर त्यांना कोंडण्यासाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. शिक्का गेला नाही. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे भटके-विमुक्तांच्या मुलांसाठी १९९३ पासून उभे राहिलेले काम वाचकांना परिचित आहे. पारंपरिक उपजीविका हिरावल्यानंतर माणसाला सन्मानाची दुसरी वाट दाखवावी लागते, हे त्या कामाने दाखवून दिले. माणसाचे पुनर्वसन हा अर्थातच पहिला प्रश्न. कुत्र्याचा प्रश्न त्याच्या मागून येतो. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. समाजाने या लोकांच्या ज्ञानाला ज्ञान मानलेच नाही. एखाद्या विलायती पुस्तकात कुत्र्याच्या चालीचे वर्णन आले की ते शास्त्र. तेच पारध्याने सांगितले की अडाण्याची गोष्ट!

शिकार गेली, काम कोणते?

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत केवळ बंदुकीने मारणे येत नाही. सापळा लावणे, सावज हाकणे आणि कुत्रे मागे लावून पाठलाग करणे हेही त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे. त्यामुळे माळावर सशामागे कारवानी सोडणे हा गुन्हा आहे. ‘पूर्वापार चालत आले आहे’ हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

हा कायदा योग्यच आहे, हे नि:संदिग्धपणे म्हटले पाहिजे. ज्या माळरानाने कारवानी घडविला त्याच माळरानाने माळढोक, काळवीट, लांडगा आणि खोकड यांनाही सांभाळले. सोलापूर जिल्ह्यात नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली स्थापन झाले. पण माळढोक आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. जमिनीवर एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याला मोकाट कुत्र्याचाही मोठा धोका असतो. पुणे परिसरातील माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. कुत्र्यांचे रोग लांडग्यांत पसरण्याची भीती वेगळीच. म्हणून कारवानीचा अभिमान बाळगणाऱ्याने त्याला मोकाट सोडणे, हा त्या अभिमानाचाच अपमान आहे. जो आपल्या कुत्र्याला आवरू शकत नाही, तो त्याचा धनी नव्हे.

परंतु काम गेले आणि दुसरे काम मिळाले नाही, तर वंशाचे काय होते? त्याची दोन उदाहरणे आज समोर आहेत. पहिले शर्यतींचे. जत्रा-यात्रांत आणि हौशी मंडळींत कुत्र्यांच्या शर्यती लागतात, बक्षिसे ठेवली जातात. शर्यत जिंकायची तर वेग हवा. वेगासाठी ग्रेहाउंडचे रक्त मिसळायचे, हा सोपा मार्ग. पहिल्या पिढीत वेग येतोही, पण उन्हाचा, खडकाळ जमिनीचा आणि साध्या अन्नाचा सराव असलेला काटकपणा हळूहळू निघून जातो. काही पिढ्यांनंतर जे उरते ते ना धड ग्रेहाउंड, ना धड कारवानी. दुसरे उदाहरण बाजाराचे. टपाल तिकीट आणि सैन्यदल यांची बातमी झाली की शहरांतून मागणी येते. मागणी आली की दलाल येतो. आणि सहा आठवड्यांची पिल्ले, मिळेल त्या नर-मादीची, ‘अस्सल मुधोळ’ म्हणून खपविली जातात. सदनिकेत वाढणारे ते पिल्लू वर्षभराने घरच्यांना आवरेनासे होते आणि एखाद्या रात्री महामार्गाच्या कडेला सोडून दिले जाते. हे कोणते स्वदेशीप्रेम?

नावाचाही घोळ आहेच. केनेल क्लब ऑफ इंडिया या वंशाला कॅरव्हान हाउंड म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. एकाच रक्ताची नोंद दोन वह्यांत, दोन नावांनी. डब्ल्यू. व्ही. सोमण यांनी १९६३ साली ‘द इंडियन डॉग’ हे पुस्तक लिहून भारतीय श्वानवंशांकडे लक्ष वेधले होते. एस. थिओडोर भास्करन यांनी २०१७ साली पुन्हा तेच काम केले. दोन पुस्तकांमध्ये अर्धशतक उलटले. नावाचा घोळ मात्र आजही मिटलेला नाही.

निगा आणि जबाबदारी

कारवानी पाळणे फारसे खर्चिक नाही. जबाबदारीचे मात्र आहे. त्याला पोसण्यासाठी परदेशी खाद्याची पोती लागत नाहीत. भाकरी, दूध किंवा ताक, अंडी आणि जमेल तसे मांस एवढ्यावर तो उत्तम राहतो. केवळ भाकरीवर ठेवला तर स्नायू झडतात आणि भरपूर चारून लठ्ठ केला तर सांधे दुखावतात. छाती खोल असलेल्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ बसण्याचा जीवघेणा विकार संभवतो. म्हणून एकदाच पोटभर न घालता दोन वेळा विभागून द्यावे आणि खाल्ल्यावर लगेच पळवू नये. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचीच धाव योग्य; काटक असला तरी डांबरी रस्त्यावरची दुपार त्यालाही सोसत नाही. कातडी पातळ आणि केस आखूड असल्याने तारेच्या कुंपणाने मोठ्या जखमा होतात आणि थंडीत गोणपाटाचा का होईना, आडोसा लागतो.

रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांच्या लसी वेळेवर टोचून घेणे याला पर्याय नाही. मेंढरांच्या सान्निध्यात राहणाऱ्या कुत्र्यांना गोचीड लागतात आणि त्यांच्यापासून जीवघेणे ताप येतात. जंतांचे औषधही नियमाने द्यावे लागते. एक गोष्ट पशुवैद्यांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अंगात चरबी अत्यल्प असल्याने या वर्गातील कुत्र्यांना बार्बिट्युरेट प्रकारची भुलीची औषधे उतरायला फार वेळ लागतो. म्हणून साध्या शस्त्रक्रियेच्या वेळीही औषधाची निवड आणि मात्रा विचारपूर्वक ठरवावी लागते.

पैदाशीबाबत केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, मादीला अठरा महिन्यांपूर्वी फळवू नये, वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा आणि आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेळा पिल्ले घेऊ नयेत, असे हे नियम सांगतात. जुना जाणता धनगर यांतल्या बहुतेक गोष्टी नियमांशिवायच पाळीत असे. आज नियम आहेत; पण ते किती जणांच्या कानावर गेले आहेत?

करण्याजोगे काही

कर्नाटकाने मुधोळजवळ तिम्मापूर येथे श्वान संशोधन व माहिती केंद्र उभारले आणि ते बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाशी जोडले. सैन्यदलाला आणि हवाई दलाला पिल्ले गेली ती या केंद्रामुळे. कर्नाटकाचे याबद्दल अभिनंदनच केले पाहिजे. भीमेच्या अलीकडचा कुत्रा आणि पलीकडचा कुत्रा यांत भेद करून प्रांतिक वाद घालण्यात काही अर्थ नाही. रक्त एकच आहे. पण शेजाऱ्याने केले ते आपण का करू नये, हा प्रश्न महाराष्ट्राने स्वतःला विचारायला हवा. याच सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरी म्हैस आणि माणदेशाशी जोडलेला खिलार बैल यांची राष्ट्रीय पातळीवर नोंद आहे. शिरवळ, उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. यांपैकी एखाद्या ठिकाणी कारवानीची मूळ पैदास राखणारे छोटे केंद्र काढणे अशक्य नाही.

त्याआधी करावयाची गोष्ट याहून साधी आहे. टेंभुर्णी, करमाळा, सांगोला, जत अशा पट्ट्यात गावोगावी ज्यांच्याकडे अस्सल कारवानी आहे त्यांची यादी करावी, कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवावी, आई-बापांची नोंद ठेवावी. हे काम विद्यार्थ्यांच्या मदतीने एका-दोन वर्षांत होऊ शकेल. जातिवंत नर आणि मादी राखणाऱ्या कुटुंबाला लसी आणि औषधे मोफत द्यावीत. पिल्लू सरकारी केंद्राने घेतले तर रास्त किंमत मोजावी. देशी गाय पाळणाऱ्याला अनुदान देण्याचा विचार होऊ शकतो, तर देशी कुत्रा राखणाऱ्या मेंढपाळाला चार पैसे देणे ही काही चैन ठरू नये.

कामाचा प्रश्नही सोडविता येईल. हवाई तळांवर पक्षी हुसकावणे, शेतवस्ती आणि मेंढरांच्या वाड्यावर रात्रीची राखण, कारखाने व गोदामांची देखरेख ही कामे कारवानीच्या स्वभावाला मानवणारी आहेत. वास घेऊन स्फोटके हुडकण्याची अपेक्षा मात्र सावधपणे करावी. तो डोळ्यांचा कुत्रा आहे आणि नाकाच्या परीक्षेत तो मागे पडला तर दोष परीक्षेचा मानावा. शर्यती व्हायच्याच असतील तर जिवंत सावज न वापरता, यंत्राने ओढलेल्या चिंध्यांच्या आमिषामागे, पशुवैद्याच्या उपस्थितीत आणि कायद्याच्या चौकटीत व्हाव्यात. तेथेही नोंद असलेल्या अस्सल कारवानीचा वेगळा गट असावा, म्हणजे संकराचा मोह आपोआप कमी होईल.

कोणी म्हणेल, माणसांचेच प्रश्न सुटलेले नसताना कुत्र्याची ही उठाठेव कशाला? परंतु कारवानी जपणे म्हणजे माणसांना विसरणे नव्हे. उलट, ज्यांनी तो जपला त्या धनगराला, बेरडाला, पारध्याला ‘तुमचे ज्ञान देशाच्या कामाचे आहे’ असे सांगण्याची ही संधी आहे. आणि माळरानाचा जो तुकडा अजून शिल्लक आहे त्याकडे ‘पडीक जमीन’ म्हणून न पाहता एक जिवंत वारसा म्हणून पाहण्याचीही.

स्वदेशीचा अभिमान भाषणात व्यक्त करणे सोपे असते. तो वहीतल्या नोंदीत, दवाखान्यातल्या लसीत आणि राखणाऱ्याच्या हाती पडणाऱ्या मोबदल्यात उतरला, तरच त्याला अर्थ येतो. टपाल तिकिटावरचे चित्र जपायला संग्राहक पुष्कळ आहेत. हाडामांसाचा कारवानी जपायचा असेल तर समाजाने आणि शासनाने भीमेकाठच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत स्वतः चालत जायला हवे. जाणत्या माणसांची ही शेवटची पिढी सरण्यापूर्वी ते घडले नाही, तर पुढच्या पिढीला कारवानी कसा होता हे तिकिटाकडे पाहूनच ताडावे लागेल.